नंतरचा आधी, आधीचा नंतर

माझा ‘नंतरचा’ फोटो सकाळी सात वाजता काढला आणि ‘आधीचा’ त्याच दिवशी सव्वादहाला. मधे मिसळ झाली. एवढ्यात खरं तर सगळं सांगून झालं, पण मग फुईचं राहून जाईल. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी शाळेत भूगोल शिकवतो. वय सत्तेचाळीस. नववीच्या वर्गात समोच्च रेषा शिकवत होतो. नकाशावर डोंगर कसा ओळखायचा, रेषा जवळ आल्या की चढ उभा कसा, हे सगळं फळ्यावर काढत असताना मागच्या बाकावरून अत्यंत अदबीने प्रश्न आला, “सर, जरा बाजूने उभे राहता का? उदाहरण नीट दिसेल.” सगळा वर्ग हसला. मला हसू आलं असतं तर मी मोठा माणूस ठरलो असतो, पण मला राग आला आणि मी अख्ख्या वर्गाला तो डोंगर तीनदा काढायला लावला. घरी आल्यावर मात्र आरशासमोर बाजूने उभा राहिलो.

आरसा तसा सभ्य असतो. त्याच्यासमोर उभं राहायचं हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे आपण आपोआप ताठ होतो, हनुवटी वर करतो, पोट आत घेतो. खरा माणूस दिसतो तो दुकानाच्या काचेत, आपलं लक्ष नसताना. कॉलेज रोडवर एका कपड्याच्या दुकानाच्या काचेत मला एक गृहस्थ दिसले. हातात पिशवी, खांदे पडलेले, शर्टाचं चौथं बटण जिवाच्या कराराने लढतंय. हे कोण, असं मनात आलं आणि उत्तर लगेच मिळालं. त्याच संध्याकाळी मी आमच्या मागच्या गल्लीतल्या तळघरातल्या जिममध्ये नाव घातलं.

तिथला ट्रेनर तिशीचा, बोलायला गोड आणि वागायला निर्दय. दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर त्याचा स्वतःचा माणसाएवढा फोटो. पोटावर सहा वड्या कापल्यासारख्या पाडलेल्या. मी तीन आठवडे त्या फोटोखाली घाम गाळला. चौथ्या रविवारी मखमलाबादच्या पुढे, मळ्यात, मिसळ खायला गेलो तर शेजारच्या टेबलावर हाच. साधा बनियनसारखा टीशर्ट, समोर दुसरी तर्री, आणि टेबलाच्या कडेवर विसावलेलं चांगलं छोटंसं पोट. मी बघतच राहिलो. तो अजिबात लाजला नाही.

“सर, तो फोटो दोन वर्षांपूर्वीचा,” तो पाव मोडत म्हणाला. “त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. फोटो झाला आणि मला चक्कर आली. वड्या काय रोज नसतात सर. पाहुण्या आहेत त्या. येतात, फोटो काढतात, जातात.”

मला तेव्हापासून तो फार आवडायला लागला.

तीन महिन्यांत माझं वजन अडीच किलोनं कमी झालं. जिना न थांबता चढायला लागलो, गुडघा कुरकुरायचा थांबला, झोप छान लागू लागली. यातली एकही गोष्ट फोटोत येत नाही. पोट होतं तिथेच होतं, थोडं विचारात पडल्यासारखं दिसत होतं इतकंच. आणि नेमकं तेव्हा ट्रेनरला चाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी नवी बॅच काढायची होती. त्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो असलेला एक पिकल्या केसांचा माणूस हवा होता. पिकल्या केसांचा मी एकटाच होतो.

“पण माझा आधीचा फोटो तुम्ही कुठे काढलाय?” मी विचारलं.

त्यानं डोकं खाजवलं. “राहिलाच की सर. काही हरकत नाही. काढू.”

जानेवारीचा महिना. रविवारी सकाळी सात वाजता मी तळघरात उघडा, कुडकुडत उभा. अंगाला लावायचं खोबरेल तेल बाटलीत दगड झालं होतं. ते त्यानं चहाच्या भांड्यात ठेवून पातळ केलं आणि माझ्या खांद्यांना, दंडांना लावलं. रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. वीस जोर काढायला लावले. मग वरच्या झरोक्यातून तिरका उजेड येतो तिथे, अंग अर्धं वळवून, हनुवटी वर करून उभं केलं.

“सर, पोट आत. अजून. पाठीला लावा. श्वास धरा. आणि हसा.”

पोट पाठीला लावून हसून बघा म्हणजे कळेल. मी हसलो. त्यानं खटाखट तीस फोटो काढले आणि म्हणाला, “आता मिसळ.”

मिसळ म्हणजे साधी नव्हे. दोन जास्तीचे पाव, वरून दही, पापड, मग जिलेबी, मग मठ्ठा. “खा सर, आज डाएट आहे,” असं म्हणत त्यानं स्वतःच्या हाताने वाढलं. परत आलो तेव्हा मला खाली वाकून चपलेचा पट्टा काढता येईना. या वेळी त्यानं मला ट्यूबलाइटच्या बरोबर खाली उभं केलं. खांदे सोडा, पाय जवळ, हात लोंबते, पोट सोडा, हसू नका, कुणीतरी पगार कापल्यासारखं बघा. एकच फोटो काढला. तेवढा पुरला.

मोबाइलवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि आम्ही दोघं त्यावर वाकलो. डावीकडे एक थकलेला, फुगलेला, उदास काका. उजवीकडे एक तरतरीत, घट्ट, कोरीव गालांचा माणूस. मधे तीन तास आणि एक मिसळ.

“काही केलं नाही हां सर,” ट्रेनर छातीवर हात ठेवून म्हणाला. “एडिटिंग नाही, फिल्टर नाही. सगळं ओरिजिनल.”

ते खरंच होतं. दोघेही मीच होतो. खोटं होतं ते फक्त वर लिहिलेलं ‘आधी’ आणि ‘नंतर’, पण त्या वेळी माझी नजर उजवीकडच्या माणसावरून हलत नव्हती. तो मला फार आवडला होता. लग्नातसुद्धा मी इतका बरा दिसलो नव्हतो.

आठवड्यात जिमच्या बाहेर फ्लेक्स लागला. ‘वय म्हणजे नुसता आकडा!’ आणि खाली मी, दोनदा. एवढ्यावर थांबलो असतो तर या हकिगतीत फुई आली नसती. पण मला राहवेना. मी तो फोटो आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘नव्वद दिवस!’ चुलतभावांचे अंगठे आले, पुतण्यांच्या आगीच्या खुणा आल्या, येवल्याच्या मेहुण्यांनी हात जोडले. बायकोनं स्वयंपाकघरातून फोटो पाहिला, बाहेर येऊन मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि कणीक मळायला गेली.

तिथून माझे हाल सुरू झाले. फ्लेक्स माझ्या रोजच्या रस्त्यावर. येणारा जाणारा आधी त्याच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. मग मी पोट आत घ्यायचो. दूधवाला दिसला की आत, शाळेचं फाटक आलं की आत, वर्गात तर पस्तीस मिनिटं आत. फळ्याकडे तोंड केलं की गुपचूप एक श्वास सोडून घ्यायचो. भाजी घेताना मी एकदा इतका वेळ तसाच उभा राहिलो की बायको कानाशी येऊन म्हणाली, “अहो, श्वास घ्या. भाजीवाला ओळखीचा आहे.”

आता दोन शब्दांबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. आमचं मूळ घर बागलाणातलं, नामपूरकडचं. तिकडे ‘तब्येत’ म्हणजे नुसतं आरोग्य नाही, तब्येत म्हणजे अंगावरचं मांस. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला “काय तब्येत झाली हो तुमची!” म्हणणं ही शाबासकी. पोट सुटलं तर घरात सुख आहे असं समजतात. आणि ‘उतरला’ हा शब्द कुणाबद्दल ऐकला की बायका हातातलं काम खाली ठेवतात. उतरला म्हणजे आतून काहीतरी पोखरतंय. वजन कुणी पैसे भरून, हौसेनं उतरवतं हे नव्या सुनांना ठाऊक असेल. फुईला नव्हतं.

फुई म्हणजे आत्या. आमच्याकडे फुई म्हणतात. वडिलांची एकुलती बहीण. वडिलांच्या बदल्यांच्या काळात पाचवी ते दहावी मी नामपूरला तिच्याकडे होतो. माझं पहिलं मिसरूड, पहिला मोडलेला हात, पहिला नापास झालेला पेपर, सगळं तिच्या घरात झालं. पाहुण्यांना ती “माझी दोन पोरं” असं सांगायची, त्यातला एक मी. फुवा, म्हणजे तिचे यजमान, कांदा मार्केटात मापाडी होते. कांद्याच्या गोण्या तोलायचे. दणकट माणूस, आवाज मार्केटच्या या टोकाचा त्या टोकाला जायचा. ते जाऊन सहा वर्षं झाली.

मंगळवारी शाळेतून घरी आलो तर दारात ओळखीच्या चपला. हॉलमध्ये फुई बसलेली. शेजारी कांद्याची पिशवी, डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि टीपॉयवर दोन शहाळी. शहाळी बघून मला वाटलं, येताना ओळखीतल्या कुणाला तरी दवाखान्यात बघायला जायचं असेल.

आणि इथे मी मूर्खपणा केला. दारात पाऊल ठेवताच, सवयीनं, मी पोट आत घेतलं. फुईनं फोटो बघितला असणार, तिच्यासमोर तरी फोटोसारखं दिसावं. गाल ओढले गेले, खांदे मागे गेले. त्यात तीन मजले चढून आलेलो, श्वास धरलेला, त्यामुळे तोंडातून शब्द तुटक तुटक येऊ लागले.

“फुई... कधी... आलीस? कळवलं... नाहीस?”

ती उठली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. फुई शहरात आली की मराठी बोलते, पण जीव घाबरला की तिची अहिराणी वर येते.

“काय व्हयनं रे तुले?” ती म्हणाली. “दम लागस तुले.”

“काही नाही झालं.”

“रिपोर्ट काय आला?”

“कसला रिपोर्ट?”

तिनं माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. नंतर कळलं ते असं. फुईकडे साधा फोन. सुनेनं कौतुकानं आपल्या मोबाइलवर माझा फोटो दाखवला. डावीकडे भरलेला भाचा, उजवीकडे उतरलेला. सून म्हणाली, तीन महिन्यांत. फुई म्हणाली, परत दाखव. मग तिनं ताट बाजूला सारलं आणि सकाळची पहिली गाडी कितीला आहे ते विचारलं. सुनेनं ‘अहो जिम, जिम’ म्हणून खूप समजावलं, पण जिम लावून गाल आत जातात हे तिला पटेना. अख्खा ग्रुप ‘मस्त’, ‘मस्त’ म्हणत असताना तिला एकटीला त्यात मरण दिसलं होतं. सटाण्याला गाडी बदलून ती आली. उतरल्यावर स्टँडबाहेर शहाळी घेतली. आजाऱ्याला बघायला जाताना हात मोकळे नेत नाहीत.

मला आधी हसू आलं. मग थोडी चीडही आली, कारण तीन महिने घाम गाळल्यावर कुणी शहाळी आणावीत असं मला वाटत नव्हतं. मी तिला बसवलं आणि म्हणालो, “फुई, मी आजारी नाही. मी मुद्दाम वजन कमी केलंय. डॉक्टरच म्हणतात, पोट कमी करा.”

तिचा चेहरा पांढरा पडला. मी काय चुकीचं बोललो ते मला कळेना.

“ते बी हेच म्हणले होते,” ती हळू म्हणाली.

मग मला आठवलं. फुवा गेले त्याच वर्षी, मे महिन्यात, तिच्या मुलाचं लग्न झालं होतं. फुवांनी कोट घातला होता आणि त्यांना इतका घाम येत होता की सगळे चेष्टा करत होते, सून आणताय की स्वतः बोहल्यावर चढताय. कोटाच्या आत त्यांनी दोन स्वेटर घातले होते. ते आम्हाला नंतर कळलं, ते गेल्यावर, ट्रंकेतून कपडे काढताना. वर्षभर ते उतरत होते. फुईनं विचारलं की म्हणायचे, डॉक्टरनं सांगितलंय वजन कमी कर, मुद्दाम कमी करतोय. लग्नाला जमलेल्या लोकांनी काही विचारू नये म्हणून स्वेटर. आणि अल्बम आला तेव्हा स्टुडिओवाल्यानं आपल्या मनानंच त्यांचे गाल भरून दिले होते. यजमान आहेत, चांगले दिसावेत म्हणून.

“तो फोटो बघून मी खूश झालते,” फुई म्हणाली. “म्हटलं, नाय, मला उगा वाटत होतं, तब्येत तर चांगली हाय. घरातला माणूस समोर बसलाय आणि मी फोटोवर भरोसा ठेवला. पावसाळा संपायच्या आत गेले ते.”

हार घातलेला त्यांचा फोटो मी किती वेळा पाहिला होता. त्याच लग्नातला, त्याच भरलेल्या गालांचा. नामपूरला गेलो की मी त्याला नमस्कार करायचो. फुई त्याच्याकडे बघत नाही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

“त्यो फोटोतला माणूस माझ्या वळखीचा नाय,” ती म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. माझीच लाज वाटली. एका मिसळीच्या आणि झरोक्यातल्या उजेडाच्या जोरावर मी या बाईला पहाटेच्या गाडीत बसवलं होतं, कालपासून उपाशी.

मी सगळं कबूल केलं. दोन्ही फोटो एकाच दिवसाचे. सातचा आणि सव्वादहाचा. नंतरचा आधी, आधीचा नंतर. तेल, जोर, तिरका उजेड, श्वास. खरं वजन फक्त अडीच किलो उतरलंय, तेही ट्रेनरच्या वजनकाट्यावर. बायको मधेमधे मान हलवून साक्ष देत होती.

फुईनं शांतपणे ऐकून घेतलं. “फोटोवाल्याची करामत,” ती म्हणाली.

“हो ना!”

“हां. फोटोवाले करतात.” तिनं डोळे पुसले. “आणि घरचे बी सगळे मिळून सांगतात, काय नाय झालं. मी आंधळी शे का? आत्ता दारातून आला तवा गाल बघितले मी तुझे.”

झालं. जे जे मी खरं म्हणून सांगत होतो ते ते फुवांचं तिला खोटं सांगून झालं होतं. रक्त तपासल्याचा कागद दाखवला असता तर तोही तिनं बाजूला ठेवला असता. माझ्या बायकोनं हात टेकले आणि मग तीच म्हणाली, “अहो, बोलताय काय नुसते? शर्ट काढा.”

मी शर्टाची बटणं काढली. बनियन काढलं. हॉलच्या ट्यूबलाइटखाली उभा राहिलो. आणि गंमत बघा, पोट बाहेर येईना. इतके दिवस चारचौघांत धरून धरून अंगाला तीच सवय लागली होती. शिवाय खरं सांगायचं तर अजूनही माझ्या मनात कुठेतरी तो उजवीकडचा माणूस होता. मी थोडंसं सोडलं. फोटोपेक्षा जरा जास्त, इतपत.

फुई जवळ आली. “पोट सोड.”

“सोडलं.”

“अजून.”

मी अजून थोडं सोडलं.

“अजून सोड रे. मी काय पोरगी बघायला आली नाय.”

बायकोला हसू फुटलं, आणि ती हसली म्हणून मलाही आलं. हसताना श्वास धरता येत नाही. पोट पट्ट्यावरून बाहेर आलं, खाली आलं, आणि आपल्या जागी येऊन बसलं. ट्यूबलाइट बरोबर वर होती. खांदे पडले होते. तो डावीकडचा काका हॉलमध्ये जसाच्या तसा उभा होता.

फुईनं हात ठेवला. तिचा हात गार होता. तिनं आधी तळवा दाबून पाहिलं, मग दोन्ही हातांनी खालून उचलून तोललं. मापाडीची बायको. तिनं चिमटा घेतला तेव्हा मी ओरडलो. मग तिनं गालाचा घेतला, दंडाचा घेतला, आणि पुन्हा पोटावर हात आणून ठेवला, तो तिथेच राहू दिला.

“सुटेल शे,” ती म्हणाली.

सुटलंय, असं. पोटाबद्दल म्हणाली. पण म्हणताना तिनं इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं, आमच्या दोघांत जास्त वेळ श्वास धरून तीच होती. मग ती खाली बसली आणि रडली. मी उघडाच तिच्या शेजारी बसलो आणि मीही रडलो, बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिथे नाक ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती बाजरीची भाकरी घेऊन बाहेर आली. फुईनं दोन भाकरी खाल्ल्या, मग अर्धी, आणि मला समोर बसवून चार लाडू खायला लावले. शहाळी आम्ही तिघांनी मिळून प्यायली.

दुसऱ्या दिवशी तिला स्टँडवर सोडायला निघालो तेव्हा तिनं फ्लेक्स दाखव म्हणून हट्ट धरला. ट्रेनर दारातच होता. तिनं फ्लेक्सकडे बघितलं, बराच वेळ.

“हे उलटं लिवलंय,” ती त्याला म्हणाली. “हा वाळका आधीचा. हा भरलेला नंतरचा. नीट करून घ्या.”

“आजी, मग जिममध्ये कोण येणार?” ट्रेनर म्हणाला.

“मी येईन,” ती म्हणाली. “गुडघे लय दुखतात.” ट्रेनरनं तिथेच पायरीवर तिला बसवून गुडघ्यांचे दोन व्यायाम शिकवले. ती ते अजून करते असं सून सांगते. महिन्याभरात तो फ्लेक्स उतरला आणि तिथे कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागला. त्यावर चाळीस चेहरे आहेत, सगळ्यांचे गाल गुलाबी. मी जिमला अजून जातो. जिना चढायला बरं पडतं.

गाडी सुटायच्या आधी तिनं खिडकीतून माझा हात धरला होता. “दर महिन्याला फोटो टाकत जा,” ती म्हणाली. “पण तसला नाय.”

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिसळ खाऊन आलो की, मी हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली उभा राहतो. शर्ट काढून, पाय जवळ, हात लोंबते. बायको फोटो काढते. अजूनही मोबाइल समोर आला की माझं पोट आपोआप आत जातं आणि दर वेळी ती थांबते आणि म्हणते, “सोडा. फुई बघणार आहेत.”

मी सोडतो. फोटो नामपूरला सुनेच्या मोबाइलवर जातो. ती तो फुईसमोर धरते, बोटांनी मोठा करून दाखवते. दहा-पंधरा मिनिटांनी बोललेलं उत्तर येतं, फुईसाठी सुनेनं बटण दाबून धरलेलं असतं. मागे कोंबड्यांचा आवाज, भांडी. आधी ती श्वास सोडते, तो ऐकू येतो. मग दोनच शब्द.

“सुटेल शे.”